सोमवारची पेटी

मंचर, १२ नोव्हेंबर १९९८

भरतराव,

वर्षभरात एक ओळ लिहिली नाही आणि आता काम पडल्यावर मावसभाऊ आठवला, असं म्हणशील. म्हण बाबा. पण आधी ऐक. माझ्याबरोबर बैलांचा धंदा करणाऱ्या चिमाजीला लुटलं! सोमवारी सकाळी साडेसातला, चांगलं ऊन पडलेलं असताना, आळेफाट्याच्या पुढे जीप अडवली. गळ्याला कोयता लावून एक लाख दहा हजार नेले. चार दिवस झाले, चिमाजी अजून भाकरीचा तुकडा मोडत नाही.

बेल्ह्याचा बैलबाजार तुला माहीत आहे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि हातात नोटा पडल्याशिवाय शेतकरी दावं सोडत नाही. चेक दाखवला तर म्हणतो, "ह्यो कागद बैलालाच चार." तेव्हा आम्हा चारही व्यापाऱ्यांना दर सोमवारी मंचरहून रोकड न्यावीच लागते. प्रत्येकाची जीप वेगळी, दोन-दोन काठीवाले वेगळे. माझे एकट्याचे फेरीला नऊशे जातात.

तू पैशाच्या गाडीवर नोकरीला. तुमच्या कंपनीच्या साहेबाला विचारलं, तर त्यानं एका फेरीचे अठ्ठावीसशे सांगितले, विमा वेगळा. ऐकून मी खुर्चीतून उठलोच. अरे, बैलामागं सुटतात किती? रोकड सुखरूप जावी आणि खर्चही निम्म्यावर यावा, असा काही मार्ग असला तर लवकर कळव.

तुझा संपत

---

पुणे, २२ नोव्हेंबर १९९८

संपत,

चिमाजीचं वाचून हातपाय गार पडले. आम्ही बंदूकवाल्याबरोबर जाळीच्या गाडीत बसतो, तरी सिग्नलला कुणी काचेवर टकटक केलं की हात आधी कडीवर जातो. तुम्ही उघड्या जीपमध्ये जाता म्हणजे कमाल आहे.

सहा वर्षांत पाहिलेलं सांगतो. चौघांनी चार जीप कशाला करायच्या? एकच करा आणि खर्च वाटून घ्या. दुसरं, सगळी रक्कम सकाळीच नेऊ नका. तुम्ही सकाळी बैल घेता आणि दुपारी विकता, म्हणजे दुपारी पैसा तुमच्याच हातात येतो. चौघांनी एकमेकांना दुपारपर्यंत उसने दिले, तर निम्मी रोकड पुरेल. जेवढं कमी न्याल तेवढं राखायला स्वस्त.

माझं एक काम कर. महाळुंग्याला गेलास तर आबांकडे लक्ष दे. गोदामावरची वॉचमनची नोकरी मी त्यांना सोडायला लावली. पोरगा पुण्यात कमावतो आणि बाप साठीत काठी घेऊन पहारा देतो, हे बरं दिसत नाही. तेव्हापासून ते माझ्यावर रुसले आहेत.

भरत

---

मंचर, ६ जानेवारी १९९९

भरतराव,

तुझ्या तोंडात साखर पडो. एक जीप, दोन काठीवाले, माणशी अडीचशे रुपये! चिमाजीसुद्धा हसला.

पण आता नवीच धास्ती बसली आहे. पूर्वी चार जीपमध्ये चार पेट्या होत्या, आता चौघांचा जीव एकाच पेटीत. आणि हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. परवा चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस मलाच विचारतो, "पावणं, तुमची ती पैशाची जीप किती वाजता निघती?" मी अर्धा चहा टाकून उठलो. तुमच्या कंपनीत यावर काय करतात?

महाळुंग्याला तुमच्या शेतावर जाऊन आलो. काका बांधावर नुसते बसून होते. मला म्हणाले, "संपत, बसून बसून मान्साला गंज चढतो रं." मावशीची तब्येत बरी आहे.

संपत

---

पुणे, १७ जानेवारी १९९९

संपत,

हे पत्र वाचून फाडून टाक.

कधी मोठी रक्कम असली की आमच्याकडे दोन गाड्या काढतात. एका गाडीत पैसा असतो, दुसरीत नुसत्या सीलबंद पेट्या. लुटारूला कळत नाही. तुम्हाला दुसऱ्या गाडीचा खर्चही नाही. तुमचा बैलांचा टेम्पो सोमवारी जातोच ना? पैसा पेंडीच्या पोत्यात घालून बैलांच्या पायाशी टाका. शिंगांमध्ये हात घालायला कोण जातो? आणि जीपमध्ये पेटी ठेवा, चांगली सगळ्यांना दिसेल अशी. वजनाला विटा घाला, गोणपाटात गुंडाळून, म्हणजे वाजणार नाहीत. मग दोन माणसं कशाला हवीत? एक पुरे. विटांना विमाही लागत नाही.

फक्त एक गोष्ट कटाक्षाने पाळ. पेटीवर बसणाऱ्याला हे कळता कामा नये. त्याला कळलं की तो झोपा काढेल, नाहीतर कुणाजवळ तरी बोलेल. तो मनापासून राखेल तरच बघणाऱ्याला खरं वाटेल.

भरत

---

महाळुंगे पडवळ, २ फेब्रुवारी १९९९

चि. भरत यास आबाचा आशीर्वाद.

मी चौथी शिकल्याला, तवा अक्षर समजून घे. तुज्या आईचं गुडघं दुखत्यात, बाकी समदं बेस हाय. हरभरा लई भारी आलाय. मी आता रिकामा बसत न्हाई. सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला जातो. बैल घ्यायचा न्हाई, नुसता जातो. मान्सं भेटत्यात, जिवाला बरं वाटतं.

एक इचारायचं व्हतं. तू पेटीसंगं बसतोस तवा काय काय करतोस? डोळा लागू ने म्हून काय करतोस? कुनी अंगावं आलं तर पयलं काय करायचं आसतं? हे आपलं सहज इचारलं. लोकं इचारत्यात तुजा भरत काय करतो, तर मला नीट सांगता याया पायजे.

तुजा आबा
(गेणभाऊ)

---

पुणे, १० फेब्रुवारी १९९९

ती. आबा,

तुमचं पत्र आलं आणि मला इतका आनंद झाला, की ते मी दोनदा वाचलं. राग गेला म्हणायचा. बाजाराला जाता हे फार चांगलं करता.

आमच्या कामात फार काही नसतं. पोटभर जेवायचं नाही, म्हणजे झोप येत नाही. कुणी गोड बोलायला आलं तरी उत्तर द्यायचं नाही. आणि काहीही झालं तरी पेटीवरचा हात काढायचा नाही. आमचे साहेब म्हणतात, पेटी गेली तर नोकरी नंतर जाते, इज्जत आधी जाते. लोकांना हेच सांगा.

आईच्या गुडघ्यांना लावायला तेल पाठवतो.

तुमचा भरत

---

मंचर, २४ फेब्रुवारी १९९९

भरतराव,

पाच सोमवार झाले. माणशी ऐंशी रुपये! नऊशेचे ऐंशी! पेटीत सहा विटा, पैसा पेंडीच्या पोत्यात, वर बैल शेण टाकतोय, आणि माझा जीव एकदम स्वस्थ. तुझ्या डोक्याला सोन्यानं मढवलं पाहिजे.

आणि पेटीवर माणूस असा मिळालाय, की काय सांगू! म्हातारा आहे, पण नजर घारीसारखी. सुरुवातीला नुसता हात ठेवून बसायचा. आता बैलाचा कासरा आणलाय आणि त्याचं एक टोक पेटीच्या कडीला, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधतो. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणतो, "हात निसटला तरी पेटी निसटाया नगं." मला हसूही येतं आणि कसंसंही होतं. त्याचं नाव लिहीत नाही. घरी कळू द्यायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली आहे.

संपत

---

पुणे, ५ मार्च १९९९

संपत,

मनगटाला कासरा! आमच्या गाडीतल्या पोरांना सांगितलं, तर हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. असा माणूस आम्हाला पगार देऊन मिळत नाही. त्याला जपून ठेव आणि बाजारात दोन वेळा चहा जास्त पाज.

भरत

---

पुणे, २१ मार्च १९९९

संपत,

काय लिहू? पेन हातात धरून अर्धा तास बसलोय.

तू सोमवारी दुपारी कंपनीत फोन केलास. म्हणालास, आबांचा हात कडबाकुट्टीत गेला. तसाच निघालो. गाडीत सगळा वेळ मी स्वतःला शिव्या देत होतो, की यांना वॉचमनचीच नोकरी करू दिली असती तर यंत्रात हात गेला नसता.

मंचरला दवाखान्यात आलो, तर दारातच चिमाजी. माझे दोन्ही हात धरून रडायला लागला. "भरत, तुझा बाप देवमाणूस हाय. आमची पेटी सोडली न्हाई त्यानं." मला वाटलं, हा भलत्याच कुणाबद्दल बोलतोय. खरंच सांगतो, मला काही कळलं नाही. आत गेलो. आबांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यात गुंडाळलेला. आई पायाशी बसलेली. खाटेभोवती आठ-दहा माणसं नारळ घेऊन उभी. आबांचे डोळे माझ्याकडे वळले आणि चेहरा असा उजळला, की मी लहान असतानाही कधी तसा पाहिला नव्हता.

म्हणाले, "आलास? तुला न्हाई सांगितलं, रागवू नगं. ट्राली आडवी घातली व्हती रं त्यांनी. डायवर पळाला. तिघं व्हतं. पेटी वढली, तर तिच्यासंगं मीबी खाली आलो. म्हनलं, वढा. कोयता मारला तरी सोडली न्हाई. तवर येष्टी आली, आन् पळालं भाडखाव." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तूच लिवलं व्हतंस ना? पेटीवरचा हात काढायचा न्हाई."

संपत, तेव्हा मला कळलं. तू खिडकीपाशी उभा होतास. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान खाली घातलीस. त्या खोलीत माझ्या बापाचे पाय धरणारी माणसं होती, आणि पेटीत सहा विटा होत्या हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

दोन बोटं गेली. मनगटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. थोडं वर लागलं असतं तर मान गेली असती. विटांसाठी!

तू असं का केलंस? त्या जीपमध्ये बसवायला तुला अख्ख्या तालुक्यात माझाच बाप सापडला?

भरत

---

मंचर, २७ मार्च १९९९

भरत,

तुझं पत्र रत्नानं फोडलं. ती माझी बायको असून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द मला लागू आहे.

पण मीही सांगतो. काकांना मी बोलावलं नव्हतं. जानेवारीत काठीवाल्यांना काढल्याचं त्यांना कुठून तरी कळलं आणि ते पहाटेच दारात येऊन उभे राहिले. "मला बसीव पेटीवं. पैसं नगं देऊस. पर भरतला सांगशील तर माजं मेल्यालं तोंड बघशील." मी काय करणार होतो? आणि मनात म्हटलं, त्या पेटीत आहेच काय? विटा. विटांवर कोण मरतंय? म्हातारा जीपमधून फिरून येईल, त्यालाही बरं वाटेल. चोराला विटा दिसत नाहीत, पेटी दिसते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तुझ्या तरी आली का? दोष माझाच आहे, पण पेटीवाल्याला कळू देऊ नको हे तू लिहिलं होतंस. मी पत्र फाडलं नाही. कालच पुन्हा वाचलं.

पोलिसांत गेलो असतो तर पंचनाम्याला पेटी उघडावी लागली असती, म्हणून दवाखान्यात आणि तुला फोनवर कडबाकुट्टीचं सांगितलं. चिमाजी आणि बाकी दोघांनाही विटांचं ठाऊक होतं. नारळ घेऊन तेही खोट्यानंच उभे होते, पण चिमाजीचं रडणं खोटं नव्हतं.

आता एक ऐक. ५ एप्रिलला बेल्ह्याच्या बाजारात काकांचा सत्कार ठरलाय. फेटा, शाल आणि पाच हजार रुपये. ते रोज मावशीला विचारतात, कुठलं धोतर नेसू? भरत, मी हात जोडतो, त्यांना सांगू नकोस. माणूस आयुष्यात पहिल्यांदा मोठा झालाय. त्याला मोठाच राहू दे.

जीप बंद केलेली नाही. बंद केली तर लोक विचारतील, मग पैसा जातो कसा? आता ज्ञानेश्वर बसतो, साळुबाईचा मुलगा. दोन लेकरं आहेत त्याला, कामाची गरज आहे. तो कासरा बांधत नाही.

संपत

---

पुणे, १३ एप्रिल १९९९

संपत,

सत्काराला मी आलो नाही, ते बरंच झालं. आईनं मला सगळं सांगितलं. फेटा बांधला, हलगी वाजली. आणि मग बेल्ह्याच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं गमतीनं आबांच्या हातावर रुमाल टाकला आणि भाव करायला आत बोटं घातली. आत तीनच बोटं लागली. आई म्हणाली, त्यानं रुमाल काढलाच नाही. तसाच धरून उभा राहिला.

परवा रविवारी मी महाळुंग्याला गेलो होतो. तू हात जोडलेस, पण मला ते जमलं नाही. सकाळी आबा ओट्यावर शाल पांघरून बसले होते, एवढ्या उन्हात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटीची गोष्ट सांगत होते. चौथ्यांदा सांगितली तेव्हा त्यात चोर पाच झाले होते. गल्लीतला माणूस गेला आणि मी म्हटलं, "आबा, पेटीत पैसे नव्हते. विटा होत्या."

आईच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

आबांच्या पट्टीचं टोक सुटलं होतं, ते डाव्या हातानं आत खोचत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी पैसं गेलं न्हाईत कुनाचं." मी म्हटलं, नाही. "किती इटा?" सहा. "जड लागायची. मला वाटायचं, चिल्लर लई दिसती." आणि हसले. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि आईकडे दिली.

मग म्हणाले, "ही अक्कल संपतची न्हाई. त्याचं डोकं येवढं न्हाई चालत. कुनाची?"

मी सांगितलं, माझी.

संपत, त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. मला वाटलं, स्वतःच्या बोटांचा विचार करतायत. पण नाही. त्यांनी विचारलं, "तुज्या कंपनीत असंच करत्यात?"

"कधी कधी. मोठी रक्कम असली की दोन गाड्या काढतात."

"रिकाम्या गाडीतल्या गड्यांना सांगत्यात?"

"नाही आबा. सांगितलं तर ते राखणार नाहीत."

"मंग तू कंच्या गाडीत बसतोस?"

मी म्हणणार होतो, पैशाच्या. सहा वर्षं नोकरी केली. दोन गाड्यांची युक्ती मी तुला लिहिली, पोरांना हसून सांगितली, आणि दर वेळी मला वाटायचं, खरी गाडी आपली. का वाटायचं? पेटी सीलबंद येते, सीलबंद जाते. मी आत कधीच पाहिलं नाही. माझा बाप ओट्यावर बसून घाबरला होता, आणि तो स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. "नोकरी सोड, भरत," एवढंच म्हणाले. आईलाही तेच सांगायला लावलं.

आज कामावर आलो. साहेबांना विचारलं, मोठ्या रकमेच्या दिवशी आमची गाडी कुठली असते? साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उठून दार लावलं. म्हणाले, "हे तू मला विचारलं नाहीस आणि मी ऐकलं नाही." एवढ्यानं मला काय ते कळलं. बाहेर येऊन गाडीत बसलो. स्नेहलला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, नवऱ्यावर कंपनीचा फार विश्वास आहे. नोकरी सोडीन की नाही, माहीत नाही. घरभाडं आहे, सार्थकची शाळा आहे. ज्ञानेश्वरलाही असंच काहीतरी असेल.

म्हणून हे पत्र. आपण दोघांनी चूक केली, ती निस्तरता येणार नाही. पण त्या जीपमध्ये अजून एक माणूस बसतोय. सोमवारच्या आत त्याला पेटी उघडून दाखव. मग बसायचं की नाही, ते त्याचं तो ठरवील. खर्च वाढला तर वाढू दे. तू दाखवली नाहीस, तर मी रजा काढून येतो आणि भर बाजारात ती पेटी मीच उघडतो.

भरत